बातमीतला कामगार

गेल्या मार्चमधली गोष्ट. चित्रकलेचे मास्तर रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्या वाट्याला आला होता. वर्ग सातवीचा. मराठी शिकवणाऱ्या माणसाने चित्रकलेच्या तासाला करावयाचे तरी काय? मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'कामगार', आणि मुलांना म्हटले, "काढा चित्र."

आमची शाळा चाकणच्या बाजूला आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील आसपासच्या कारखान्यांत कामाला जातात. कोणी मूळचे खेड तालुक्यातले, जमीन विकून किंवा राखून कंपनीत लागलेले. कोणी लातूर-नांदेडकडून आलेले, कोणी बुलढाण्याहून, कोणी थेट बिहारमधून. तेव्हा या मुलांना कामगार शोधावयास लांब जाण्याचे काही कारण नव्हते.

अर्ध्या तासाने चित्रे गोळा केली. जवळजवळ सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. उघड्या दंडाचा, बेटकुळ्या फुगलेला एक मनुष्य, त्याच्या हातात उगारलेला हातोडा, डोक्याला फडके, पाठीमागे धूर ओकणारे धुराडे. मी विचारले, "तुमच्यापैकी कोणाचे वडील हातोडा चालवतात?" वर्ग हसला. एकजण म्हणाला, "सर, माझे पप्पा गाडीच्या वायरी जोडतात." दुसऱ्याचे वडील खोक्यांवरचे छाप यंत्राने वाचून घेतात. तिसऱ्याचे रंगखात्यात. "आणि हे धुराडे कोणाच्या कंपनीला आहे?" यावर सगळेच गप्प झाले. चाकणच्या रस्त्याला उभे राहून पाहिले तर लांबच लांब पत्र्याच्या शेडी दिसतात, पांढऱ्या नि निळ्या. गिरणीसारखे धुराडे मुलांनी पाहिलेलेच नव्हते.

मग हे चित्र मुलांच्या हातात आले कोठून? रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा आपला बाप त्यांना कामगार म्हणून का दिसला नाही? त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. उत्तर शोधता शोधता मी जुन्या वर्तमानपत्रांच्या, नाटकांच्या आणि चित्रपटांच्या इतिहासात शिरलो. तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ शब्दांपासून करू. मराठीने माणसांची एक मोठी वाटणी कपड्यांवरून केली आहे. ज्याचे कपडे कामाने मळत नाहीत तो पांढरपेशा. ज्याचे मळतात त्याला मात्र एक नाव नाही. तो कधी मजूर असतो, कधी बिगारी, कधी हमाल, कधी कामकरी. फार पुढे 'कामगार' हा शब्द सर्वत्र रूढ झाला. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लिहिणारा नेहमी पहिल्या वर्गातला आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे तो दुसऱ्या वर्गातला. वर्तमानपत्र छापावयास खिळे जुळवणारा लागतो. पण त्या खिळ्यांतून कोणाची हकीकत छापावयाची, हे तो ठरवत नसतो.

या रिवाजाला पहिला छेद पुण्यातच गेला. १८७७ च्या जानेवारीत सत्यशोधक समाजाच्या कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढले. १८८० साली ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले. लोखंडे मांडवीच्या एका गिरणीत भांडारावर काम करीत. त्यांचे मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे आजचे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले. माझ्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर चाळिशीपर्यंत मलाही नव्हते.

लोखंडे यांनी गिरणीतल्या माणसाचे जे चित्र काढले त्यात हातोडा नाही. त्यात दिवसाचे तास आहेत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळाकडे पाठविला. मागण्या पाहा: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा. या पाच ओळी वाचल्या म्हणजे तो मनुष्य कसा जगत होता ते डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याला 'सूर्यास्ताला थांबू द्या' अशी विनंती करावी लागते, त्याच्या दिवसाचे निराळे वर्णन कशाला हवे?

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सर्वजण, पांढरपेशेसुद्धा, जो रविवार उपभोगतो त्याची हिंदुस्थानातली एक मोठी लढाई ही अशी लढली गेली.

त्याच काळात पुण्याच्या दुसऱ्या वर्तमानपत्रांत हाच कामगार कसा दिसत होता? १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, हा त्याचा गाभा. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात काही नव्हते. असल्या कायद्यांना 'केसरी' आणि 'मराठा' यांनी विरोध केला, आणि देशातली इतर राष्ट्रीय बाण्याची पत्रेही त्याच बाजूला होती. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लँकेशायरचे गिरणीवाले या कायद्यासाठी विलायतेत खटपट करीत होते, आणि ती काही मुंबईच्या पोरांच्या कळवळ्याने चाललेली नव्हती. इथला माल महाग व्हावा हा त्यांचा हेतू होता. परंतु या भांडणात एक गोष्ट हरवली. लँकेशायरचा स्वार्थ खरा होता तसा आठ वर्षांच्या पोराचा थकवाही खरा होता. 'केसरी'ला देशी उद्योग दिसला, त्यात उभा असलेला मनुष्य दिसला नाही. 'दीनबंधु'ला तो मनुष्य दिसला.

पुढे १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. टिळकांना त्यांचे टीकाकार 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवीत आणि टिळकांना ते भूषण वाटे. आता राष्ट्रीय पत्रांत कामगाराचे चित्र उजळले: तो देशभक्त ठरला. तोच मनुष्य, तीच गिरणी, तेच तास. बदलली होती ती बघणाऱ्याची गरज.

मला या साऱ्या इतिहासात जे एक सूत्र दिसते ते असे: कामगाराचे चित्र बहुधा दुसऱ्याने, आपल्याला त्याची गरज लागली तेव्हा काढले. गरज सरल्यावर चित्र भिंतीवर तसेच टांगलेले राहिले आणि ज्याचे चित्र तो मनुष्य दुसरीकडे निघून गेला. आमच्या सातवीच्या वर्गाने त्या भिंतीवरचे चित्र उतरवून घेतले होते.

हे आपल्याच देशात झाले असे नव्हे. ज्या विलायतेकडून आपण कारखाना आणि वर्तमानपत्र या दोन्ही गोष्टी घेतल्या, तिथली हकीकतही अशीच आहे. १८३१ साली हेन्री हेदरिंग्टनने लंडनमध्ये 'पुअर मॅन्स गार्डियन' हे गरिबांचे पत्र काढले. त्या वेळी प्रत्येक वर्तमानपत्रावर चार पेन्सचा सरकारी कर असे. हेतू हा, की गरिबाला पत्र परवडू नये. हेदरिंग्टनने कर न भरता ते एका पेनीला विकले आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. पुढे १९२२ मध्ये बीबीसी आली, तेव्हा वर्गाची खूण कपड्यांवरून उच्चारावर गेली. बातम्या सांगणाऱ्यांचा उच्चार एकाच तऱ्हेचा, वरच्या शाळांतून घडलेला. दुसऱ्या महायुद्धात यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचावयास बसविले, तेव्हा त्याच्या गावरान हेलावर पुष्कळ श्रोते रागावले. आणि त्यांत साधी माणसेही होती म्हणतात. आपल्यासारखे बोलणारा मनुष्य आपल्याला खऱ्या बातम्या सांगेल, हा विश्वासच त्यांना उरला नव्हता. चित्र पुसले जाण्याचा हा शेवटचा टप्पा होय. १९३५ साली 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाच्या एका छोट्या चित्रपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतल्या लोकांना कॅमेऱ्यापुढे उभे करून त्यांच्याच तोंडून उंदरांची आणि ओलीची हकीकत सांगू दिली होती. ही गोष्ट त्या काळी नवलाची ठरली, यावरूनच आधी काय चालत असे ते समजते.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. १९२० नंतर कामगाराला स्वतःची म्हणावी अशी पत्रे आणखी मिळाली. १९२७ मध्ये 'क्रांती' निघाले. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. या पत्रांतला कामगार मूठ वळलेला आहे. तो 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. पण या 'आम्ही'च्या पोटात काय होते ते बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वेळी दाखवून दिले. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार जास्त. परंतु तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ देत नसत. अडविणारे मालक नव्हते, सोबतचे कामगारच होते. वर्गाच्या चित्राखाली जातीचे चित्र होते, आणि वरचा रंग खरवडल्याखेरीज ते दिसत नव्हते. पुढे १९६३ साली बाबूराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत तो रंग खरवडला. ज्या मराठी वाचकाने ती कथा वाचली त्याला 'कामगारांची एकजूट' हा शब्द पुन्हा पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारता आला नसेल.

ललित वाङ्मयात गिरणी आणण्याचे मोठे श्रेय मामा वरेरकरांचे. 'धावता धोटा' ही त्यांची कादंबरी १९३३ च्या सुमाराची. पडद्यावर हे सोपे नव्हते. १९३४ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवरून मोहन भवनानी यांनी 'मिल', अर्थात 'मजदूर', हा बोलपट काढला. ज्या मुंबईत गिरण्या होत्या त्याच मुंबईत त्याला बंदी झाली. मालकांना वाटले की हा पाहून कामगार बिघडेल.

मग अण्णा भाऊ साठे आले, अमर शेख आले; १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. वारणेकाठच्या वाटेगावाहून मुंबईस आलेला, गिरणीत राबलेला मनुष्य स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या ढंगात मुंबई सांगू लागला. नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने वाढविले. ते स्वतः शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले, आणि १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' घेऊन आले. शाळेतल्या शिपायाकडे मी तेव्हापासून जरा जपून पाहतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच कामगार रस्त्यावर उतरला आणि गोळ्या खाल्ल्या. मुंबईच्या हुतात्मा चौकात शेतकऱ्याच्या जोडीला मशाल धरून उभा आहे तो तोच. १ मे १९६० ला राज्य झाले. मुद्दाम कामगार दिनाची तारीख निवडली गेली. पण आमच्या शाळेत, आणि बहुधा तुमच्याही, त्या दिवशी झेंडावंदन होते ते महाराष्ट्र दिनाचे. कामगार दिनाचा उल्लेख शेवटच्या वाक्यात उरकतो. दगडातली मशाल जागेवर राहिली, आणि मुलांच्या चित्रांतला दंड बहुतेक तेथूनच आला असावा.

गंमत अशी, की दगडातला पुतळा मुंबईत उभा राहत होता त्याच वेळी खरा नवा कामगार पुण्याच्या उत्तरेला आकार घेत होता. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६६ मध्ये टेल्को आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड, शेजारी तुकोबांचे देहू. या भागात पहाटे आता भूपाळीबरोबर भोंगाही ऐकू येऊ लागला.

मुंबईच्या गिरणगावाला वरेरकर, अण्णा भाऊ, सुर्वे मिळाले. भाऊ पाध्ये मिळाले. १९८२ च्या संपाने तो संसार मोडला तेव्हा त्या मोडण्यालाही जयंत पवारांचे 'अधांतर' मिळाले. पिंपरी-चिंचवडला अशी मातबर कृती सहज आठवत नाही. असे का झाले असावे?

मला यात तीन कारणे दिसतात. पहिले, गिरणगावात घर, गिरणी, खानावळ, तालीम, तमाशाचा फड आणि पक्षाची कचेरी ही सारी हाकेच्या अंतरावर होती. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्याही त्याच शहरात. पिंपरीचा कामगार मात्र मावळातल्या, खेडातल्या, हवेलीतल्या गावांतून लोकलने, सायकलने, पुढे कंपनीच्या बसने येई आणि पाळी सुटली की परत जाई. तो एका जागी बसून आपली गोष्ट सांगत नव्हता. दुसरे, पुण्यातली छापखान्यांची आणि मासिकांची वस्ती सदाशिव-नारायण पेठेत. तेथून पिंपरी पंधरा-सोळा किलोमीटर. पण त्या काळच्या पुण्याला हे अंतर मुंबईपेक्षा लांब वाटे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हा कामगार आयटीआय शिकलेला, महिन्याला पक्का पगार घेणारा, कर्ज काढून प्राधिकरणात किंवा गावठाणात दोन खोल्या बांधणारा होता. त्याला स्वतःलाच कामगार म्हणून घ्यावयाचे नव्हते. "काय करता?" या प्रश्नाला त्याचे उत्तर असे, "टेल्कोत आहे," "बजाजमध्ये आहे." लग्नाच्या बाजारात 'कंपनीत परमनंट' हे दोन शब्द जमिनीच्या उताऱ्याइतके चालत. हातातले काम सांगण्याऐवजी तो कंपनीचे नाव सांगू लागला.

यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याच्या बापाला गावात नावाने हाक मारीत नसत, त्याला मोठ्या कंपनीचे नाव छातीवर लावून मिरवावेसे वाटले तर त्यात नवल काय? परंतु त्याचा परिणाम असा झाला, की या पट्ट्याचे जे काही वर्णन छापले गेले ते कारखान्यांचे, यंत्रांचे आणि मालकांचे. आपल्या मासिकांच्या इतिहासातही याला एक दाखला आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली. ती आरंभी कारखान्याची खबर देणारी पत्रिका होती. नांगर आणि पंप हे तिचे विषय. काही वर्षांत तिचे 'किर्लोस्कर' हे सुंदर मासिक झाले आणि 'स्त्री', 'मनोहर' ही त्याची भावंडे. मराठी मध्यमवर्गाची अभिरुची ज्या मासिकांनी घडविली त्यांतले हे एक. मराठी वाङ्मयावर त्याचे उपकार मोठे आहेत. पण कारखान्याच्या दारात जन्मलेले मासिक दिवाणखान्यात वाढले, हेही तितकेच खरे.

कामगारांच्या नाटकांचेही असेच. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याणाची व्यवस्था झाली आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. मी त्यातले पुष्कळ प्रयोग पाहिले आहेत. पडदा वर जातो आणि समोर सोफा, फुलदाणी, टेलिफोन! दुपारपर्यंत लेथवर उभा असलेला टर्नर रात्री कोट घालून बॅरिस्टर होतो, आणि उत्तम होतो. टर्नरचा टर्नर मात्र कोणी होत नाही, कारण तसे नाटक कोणी लिहून दिलेले नसते.

या पट्ट्याच्या इतिहासात १९८९ हे वर्ष मला फार बोलके वाटते. त्या वर्षी दूरदर्शनवर 'हमारा बजाज' ही जाहिरात आली. नाना तऱ्हेची माणसे त्या स्कूटरवर बसलेली, स्कूटर म्हणजे जणू आपल्या घरातले माणूस. आकुर्डीने जे नाव घरोघरी नेले त्याचा तो गौरव होता, आणि पाहताना आम्हा मुलांच्या अंगावर काटा येई. त्या जाहिरातीत स्कूटर चालवणारे होते, पुसणारे होते. ती बनवणारा मात्र माझ्या लक्षात राहिला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेल्कोचे सुमारे तीन हजार कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. महिनाअखेरीस एका रात्री पोलिसांनी त्यांना उचलून नेले. तेव्हा देशभरच्या पत्रांनी पुण्याचा कामगार पाहिला. कधी पाहिला? काम थांबले तेव्हा. हातांना काम असताना त्याची बातमी होत नाही. हात थांबले की पहिल्या पानावर. मग वाचणाऱ्याला वाटू लागते, की कामगार म्हणजे काम थांबविणारा मनुष्य. बातमीचा हा नियम कोणी दुष्टपणे केलेला नाही, पण त्याने जे चित्र उभे राहते ते मात्र अगदी उलटे असते.

पुढे कारखाने चाकणला सरकले. १९९१ नंतर वारे बदलले. बजाज आली, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आल्या. कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली झुंजविलेल्या किल्ल्यासाठी ठाऊक असलेले चाकण आता 'भारताचे डेट्रॉइट' म्हणून छापले जाऊ लागले. जून २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात संप झाला. तो पन्नास दिवस चालून ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. त्यातली एक मागणी अशी होती, की प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे समभाग एक रुपया दराने मिळावेत. पुष्कळांना ती वेडगळ वाटली. मागणी योग्य की अयोग्य याचा निवाडा मी करीत नाही. मला तीत इतिहास दिसला. १८८४ च्या अर्जात सूर्यास्ताला घरी जाण्याची विनंती होती. २०१३ च्या मागणीत 'या घरात आमचाही वाटा आहे' असे म्हटले होते. एकशे एकोणतीस वर्षांत तो इथवर आला होता. ही गोष्ट सांगण्यासारखी होती. पण बातम्यांत आकडे आले ते मुख्यतः किती गाड्यांचे उत्पादन बुडाले याचे.

आणि हेही परमनंट माणसाविषयी झाले. त्याच्या शेजारी त्याच पट्ट्यावर उभा राहणारा कंत्राटी मुलगा, शिकाऊ म्हणून घेतलेला आणि काही महिन्यांनी सोडलेला मुलगा, याला तर 'टेल्कोत आहे' असे म्हणण्याचीही सोय नाही. काही ठिकाणी त्याच्या सदऱ्याचा रंगही वेगळा असतो. तो "कंपनीत आहे" एवढेच म्हणतो. कोणत्या, ते दर वर्षी बदलते. वर्तमानपत्रांत तो येतो तो रस्त्यावरच्या अपघातात नाहीतर गुन्हेगारीच्या पानावर. 'माथाडी' या शब्दाचे काय झाले पाहा. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांना संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने अभिमानाने सांगावा असा. आणि आज या भागाच्या बातम्यांत तो शब्द बहुधा 'खंडणी' या शब्दाच्या शेजारी छापलेला असतो. खंडणी मागणारे गुंड आहेत हे खरेच. पण खरोखरीचे ओझे वाहणाऱ्याने आपले नाव आता कोणत्या शब्दात सांगावे?

जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत एकोणनव्वदावे मराठी साहित्य संमेलन भरले. भव्य मांडव, पुस्तकांची दालने, लाखोंची गर्दी. मैदान होते हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे. त्या दिवसांत ती कंपनी आजारी होती आणि कामगारांचे पगार थकले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागविण्यासाठी तिची काही जमीन विकण्यास मान्यता दिली. आम्ही सारे लिहिणारे त्या मैदानावर फिरत होतो, पुस्तके चाळत होतो, ओळखीच्यांना नमस्कार करीत होतो. मीही होतो. कुंपणापलीकडच्या कारखान्याकडे मान वळवून पाहिल्याचे मला आठवत नाही. म्हणून या लेखात ज्या लेखकांवर मी बोट ठेवले आहे त्यांत मी स्वतःला मोजतो. माझ्या नावावर तीन कादंबऱ्या आहेत. तिन्हींचे नायक शिक्षक आहेत.

असो. मुलांना मी दुसरे दिवशी पुन्हा कागद दिले. या वेळी फळ्यावर काही लिहिले नाही. म्हटले, "तुमचे वडील किंवा आई कामाची माणसे आहेत. तुम्ही त्यांना रोज पाहता. जसे पाहता तसे काढा."

या वेळी वेळ लागला. पुष्कळ मुले पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिली. मग हळूहळू चित्रे आली: बसच्या रांगेत उभी असलेली आई, हातात डब्याची पिशवी. जेवताना मान खाली घातलेले वडील. दारात काढून ठेवलेले, पुढे लोखंडी टोपण असलेले जाड बूट, फक्त बूटच. हातोडा एकाही चित्रात नव्हता.

एका मुलाने अंधारी खोली काढली होती. खाली अंथरुणावर एक मनुष्य कूस वळवून झोपलेला, वर खिडकी, खिडकीच्या काचांना वर्तमानपत्राचे कागद चिकटविलेले. मी विचारले, "रात्र आहे का रे?"

"नाही सर, दुपार आहे. पप्पांची थर्ड शिफ्ट होती. उजेड आला की त्यांना झोप लागत नाही, म्हणून मम्मीने पेपर लावलेत."

मी चित्र डोळ्यांजवळ नेले. खिडकीवरचा प्रत्येक कागद त्याने काळजीने काढला होता. मथळ्याच्या जागी जाड रेघ, खाली बारीक रेघांचे रकाने. अक्षर मात्र कोठेच नव्हते. मी विचारले, "बातमी काय आहे?"

तो जरा गोंधळला. म्हणाला, "ते नाही वाचलं सर."